मिरजेहून निघालेला पांढरा रुपया

माझे मामा मिरजेहून मुंबईला चांदीचा रुपया पाठवीत, तेव्हा तो निघताना पांढरा असे आणि पोचल्यावर निळा निघे. निळा फक्त एका बाजूने, राजाचा चेहरा असलेल्या. दुसरी बाजू जशीच्या तशी राही. हे दोन वेगळ्या रुपयांच्या बाबतीत, दोन वेगळ्या महिन्यांत घडले होते.

मला हे कळले ते मामांकडे जेवताना.

"हे वाच," मामा म्हणाले आणि त्यांनी आमटीच्या वाटीशेजारी एक पत्र ठेवले. "मोठ्याने वाच. मामीलाही ऐकू दे."

"मामीला पाठ झालंय," मामी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "पदू, आधी जेव. पत्र गार होत नाही."

पत्र मुंबईच्या एका कंपनीचे होते. ही कंपनी जुनी नाणी तपासून त्यांना सत्तरपैकी गुण देत असे आणि पारदर्शक डबीत सीलबंद करून परत पाठवीत असे. अशा डबीतल्या नाण्याला बाजारात कुणी उलट प्रश्न विचारत नाही. मामांच्या दुसऱ्या रुपयाबद्दल कंपनीने कळवले होते की राजमुखावरील निळी झाक नैसर्गिक वाटत नाही, नाण्याला कृत्रिम रंग दिल्याचा संशय आहे, सबब गुण देता येत नाहीत, शुल्क परत मिळणार नाही, आणि असेच तिसरे नाणे आल्यास प्रेषकाचे नाव प्रतिबंधित यादीत घालून सर्व संग्राहक मंडळांना तसे कळवले जाईल. पत्राची प्रत मिरजेच्या नाणेसंग्राहक मंडळाचे कार्यवाह आवटी सर यांना गेली होती.

"त्यांना कशाला?" मी विचारले.

"मंडळामार्फत पाठवलं की शुल्कात सूट मिळते," मामा म्हणाले. "सुटीबरोबर हेही मिळतं, ते मला ठाऊक नव्हतं."

मामा, म्हणजे रामकृष्ण घळसासी, त्या मंडळाचे संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष होते. दर प्रदर्शनात त्यांचे एकच भाषण असे आणि त्याचा विषयही एकच असे: नाण्याला हात लावू नका. घासू नका, धुऊ नका, चमकवू नका. एका सभासदाने दंतमंजन लावून एक पैसा चकचकीत केला, तेव्हा मामांनी त्याला भर सभेत मंडळातून काढले होते. तो सभासद आवटी सरांचा मेहुणा होता. आता नाणी रंगवण्याचा आरोप खुद्द मामांवर आला होता आणि त्याच दिवशी संध्याकाळी आवटी सर येणार होते.

धातू का गंजतात आणि का काळवंडतात, हे शोधण्यासाठी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मला पगार मिळत असे. मामांनी मला बोलावले ते त्यामुळे. आमटी फारच मिळमिळीत झाली होती. पण मी पाहुणा होतो, आणि निरीक्षणाचा विषय तो नव्हता.

"शक्यता तीन," मी हात धुऊन आल्यावर म्हणालो. "रंग मुंबईत लागतो, वाटेत लागतो किंवा इथे लागतो."

"इथे म्हणजे?"

"मिरजेत."

"मिरजेत म्हणजे या घरात. या घरात म्हणजे मी."

"मी फक्त शक्यता मोजतोय, मामा."

"मग मला त्यात मोजू नकोस."

त्यांचा आवाज दुखावलेला होता. पण पुराव्याआधी कुणाला यादीतून वगळायचे नाही, ही माझी सवय होती. आणि खरे सांगायचे तर माझ्या मनातल्या यादीत त्या वेळी त्यांचेच नाव सर्वांत वर होते. परगावच्या कंपनीला एका निवृत्त गृहस्थाचा रुपया रंगवून काय मिळणार? मामांना मात्र मिळण्यासारखे होते, कारण काही हौशी लोक निळसर चांदीला जास्त भाव देतात. ही माहिती मला मामांनीच कधीतरी दिली होती.

"चांदी निळी पडते ती गंधकामुळे," मी म्हणालो. "पृष्ठभागावर अगदी पातळ थर बसतो. आधी पिवळा दिसतो, मग जांभळा, मग निळा. तेव्हा गंधक कुठून येतं एवढंच शोधायचं. पार्सलला रबरबँड लावता का?"

"रबरबँड? मी पार्सल बांधतो, पुड्या नाही."

"लोकरीचं कापड?"

"नाही."

"जवळपास अंडी ठेवली होती?"

"या घरात?" मामीने आतून विचारले.

"मग पॅकिंगमध्ये असतं तरी काय?"

मामा खुर्चीत सरसावून बसले. मिरज जंक्शनच्या पार्सल ऑफिसात त्यांची सारी नोकरी झाली होती. "पदू, पार्सल आतून कसं बांधलंय हे बांधणाऱ्यापलीकडे एकालाही कळलं, तरी ते पॅकिंग राहत नाही. नुसती दोरी गुंडाळलेली राहते. माझ्या हातचं एक पार्सल कधी फुटलं नाही, कारण मी कधी तोंड उघडलं नाही. कोरडं असतं, पाण्याचा थेंब लागलेला नसतो. याच्यापुढे मी साहेबालाही सांगत नसे."

"मी साहेब नाही, भाचा आहे."

"भाचे तर जास्त बोलतात."

त्यांनी लोखंडी कपाट उघडून तिसरे पार्सल दाखवले. मांजरपाटात शिवलेले, लाखेचे ठिपके दिलेले, मुठीएवढे गाठोडे. शिवणीवर आवटी सरांची सही होती. चार दिवसांपूर्वी आवटी सरांनी हा तिसरा रुपया भिंगातून पाहून तो पांढराशुभ्र असल्याची खात्री केली होती. मग मामा रुपया घेऊन आतल्या खोलीत गेले होते, शिवलेले गाठोडे घेऊन बाहेर आले होते आणि शिवणीवर सही घेतली होती. तिन्ही रुपये मामांच्या आईच्या पेटीतले, एकाच सालचे, बाजारात कधीही न फिरलेले. त्यांतला हा सर्वांत देखणा. मी येईपर्यंत तो पाठवायचा थांबवला होता.

"आता हा मी स्वतः मुंबईला नेतो, साध्या प्लास्टिकच्या डबीत," मी सुचवले. "पांढरा पोचला तर गुण मिळतील."

"आणि सिद्ध काय होईल? तू नेलास की पांढरा, मी पाठवला की निळा. माझ्या नावाला काळं फासायचं तर याहून चांगला प्रयोग सापडणार नाही."

प्रयोगाची मांडणी म्हणून त्यांचा आक्षेप निर्दोष होता.

ऊन उतरल्यावर आवटी सर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांनी छत्री दाराला टेकवली, चहा नको म्हणाले, मग घेतला, आणि खिशातून एक टंकलिखित कागद काढून मामांसमोर ठेवला.

"काय आहे?"

"राजीनामा. तुमचाच. तुम्हाला मजकुराचा त्रास नको म्हणून मी लिहून आणलाय. फक्त सही हवी."

मामांनी चष्मा लावून कागद वाचला. "'प्रकृतिअस्वास्थ्यामुळे'. मला काय झालंय?"

"ते सांगायचं नसतं. समजून घ्यायचं असतं."

"आवटी, मी नाण्याला रंग लावीन असं तुम्हाला वाटतं?"

"मला काय वाटतं याला महत्त्व नाही. आमच्या शरदने एका पैशाला दंतमंजन लावलं होतं, घळसासी. एका पैशाला. तुम्ही त्याला मंडळाची घटना वाचून दाखवलीत."

मामांनी पेन हातात घेतले, हे मी पाहिले, आणि मला ते आवडले नाही. अपुऱ्या पुराव्यावर निष्कर्षाची सही होणार होती.

"सही करायच्या आधी कंपनीला एक फोन करू," मी म्हणालो. "त्यांचा ग्राहक सेवा विभाग रविवारीही चालू असतो, असं पत्राखाली छापलंय."

फोन स्पीकरवर ठेवला. आधी सनईची धून, मग शुल्काच्या माहितीसाठी एक दाबा, जादा शुल्काच्या माहितीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी तीन दाबा. तीन दाबल्यावर पुन्हा सनई. मामा म्हणाले की लग्न लागले असते एवढ्या वेळात. शेवटी एका बाईंचा आवाज आला.

"नमस्कार, ग्राहक सेवेतून मस्कारेन्हस बोलतेय."

"मी मिरजेहून घळसासी."

"निळे रुपये?"

"पांढरे रुपये," मामा म्हणाले.

"सॉरी सर. बोला."

"मला एवढंच सांगा, गुण दिले नाहीत, मग पैसे कशाचे घेतले?"

"सर, शुल्क तपासणीचं असतं. गुण नाकारले तरी तपासणी झालेलीच असते."

"म्हणजे मी नापास होण्याची फी भरली."

"हो सर. नापास होणारे सगळेच भरतात."

"आणि हे हाताळणी शुल्क?"

"ते नाणं हाताळण्याचं."

"अहो, नाण्याला हात लावू नका हे मी जन्मभर ओरडून सांगतोय, आणि तुम्ही हात लावण्याचे पैसे घेता?"

"आम्ही हातमोजे घालतो, सर. ते शुल्कात धरलेले आहेत."

आवटी सरांनी कपाच्या आड हसून घेतले. बाईंनी अत्यंत शांतपणे सांगितले की कंपनीची स्वतःची सीलबंद पेटीही मिळते, त्यांचा माणूस ती घरून घेऊन जातो, आणि ती वापरली असती तर वाटेत काही झाल्याची शंकाच उरली नसती.

"तिचे वेगळे पैसे आहेत," मामा म्हणाले.

"हो सर."

"म्हणून नाही घेतली. पार्सल बांधायला मला दुसऱ्याची पेटी लागत नाही."

मी फोन जवळ ओढला. "मॅडम, मी त्यांचा भाचा. पार्सल तुमच्याकडे आल्यावर कोण उघडतं?"

"आवक विभागात कदमकाका. ते नाणं काढून पारदर्शक पाकिटात घालतात, नंबर लावतात, बाकीचं सगळं न बघता कचऱ्यात. तपासणाऱ्यांना फक्त नाणं आणि नंबर दिसतो. कुणाचं आहे तेसुद्धा त्यांना कळत नाही."

"या दोन पार्सलांच्या वेळी काही वेगळं घडलं होतं का? कितीही किरकोळ असू दे."

बाईंचा आवाज खाली आला. "तक्रार समजू नका, सर. पण मिरजेचं पार्सल उघडलं की आमच्या मजल्यावर सगळ्यांना भूक लागते."

"काय लागतं?"

"भूक. दोन्ही वेळा लोक जेवणाच्या सुट्टीआधीच डबे उघडून बसले. दुसऱ्या वेळी तर मॅनेजर स्वतः विचारायला आले की आज वरण कुणी आणलंय. वरण कुणीच आणलं नव्हतं."

"वरणाचा वास?"

"साध्या वरणाचा नाही. फोडणी दिलेल्या."

मी फोनवरून नजर काढली आणि स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून ओट्याकडे पाहिले. ओट्यावर एक वाटी होती आणि तिच्यावर बशी पालथी घातली होती. ती दुपारीही तिथेच होती.

"मामी, त्या वाटीत काय आहे?"

"हिंग. सगळा वास उडालाय. म्हणून तर आमटी तशी झाली. तू काही बोलला नाहीस, पण मला कळलं."

"हिंग वाटीत का ठेवलाय?"

"डबा जागेवर नसतो. अधूनमधून नाहीसा होतो आणि आतला हिंग वाटीत ओतलेला मिळतो. यांना विचारलं तर म्हणतात, उंदीर."

"उंदराने हिंग वाटीत ओतून डबा नेला?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाले, मिरजेचे उंदीर आहेत."

आम्ही तिघांनी मामांकडे पाहिले. मामा छताकडे पाहत होते.

"मामा," मी म्हणालो, "आता तोंड उघडायला हरकत नाही."

"हे पार्सल ऑफिसचं आहे," मामा कुणाकडेही न बघता म्हणाले. "चोर पार्सल हातात घेतो, हलवतो आणि हुंगतो. हलवून खुळखुळलं की पैसा, आणि वास नसला की किमती वस्तू. अत्तर चोरतात, तूप चोरतात. हिंग कुणी चोरत नाही. कारण हिंगाचा वास हाताला राहतो. फलाटावर साहेबाने सगळ्यांचे हात हुंगले की चोर सापडला. म्हणून किमती वस्तू हिंगाच्या डब्यात घालायची. रुपया त्यात असा बसतो, जसा काही मापाचाच."

"डबा धुऊन घेत होता का?"

"धुऊन? ओल राहिली तर नाण्याचं काय होईल? कोरड्या फडक्याने पुसायचा, तोही वरवर. सगळा वास गेला तर उपयोग काय?"

"आणि राजाचा चेहरा कुठल्या बाजूला?"

"खाली. वर झाकण घासतं. चेहऱ्यावर ओरखडा गेला तर गुण जातात. वरून कापूस."

मी त्यांना सांगितले की हिंगाचा वास हा मुख्यतः गंधकाच्या संयुगांचाच वास असतो. बंद डबा, उन्हाळा आणि राजाचा चेहरा थेट हिंगाच्या भुकटीवर. चांदी निळी करण्यासाठी मला कुणी पैसे दिले असते, तर मी याहून फारशी वेगळी मांडणी केली नसती.

आवटी सरांनी कप खाली ठेवला. "हे तुम्ही म्हणता. पण आम्ही कशावरून मानायचं?"

"पार्सलवरून," मी म्हणालो. "शिवणीवर सही तुमची आहे. चार दिवस ते तापलेल्या पत्र्याच्या कपाटात आहे."

मामांचा चेहरा उतरला. मला वाटते, ते त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आले. "म्हणजे हाही?"

"माहीत नाही. चार दिवस पुरेसे असतील किंवा नसतील. रुपया पांढरा निघाला, तर माझं स्पष्टीकरण कच्चं ठरेल आणि तुमच्यावरचा संशय राहील. निळा निघाला, तर तुम्ही सुटलात आणि रुपया गेला."

आईच्या पेटीतला शेवटचा रुपया होता. मामांनी गाठोडे हातात घेऊन त्याचे वजन केल्यासारखे केले, मग ते मांडीवर ठेवले. फोनमधून आवाज आला, "मी लाइनवर आहे, सर. घाई नाही."

"अगं, कात्री आण," मामा म्हणाले.

आवटी सरांनी भिंग लावून आपली सही तपासली आणि ती आपलीच असल्याचे जाहीर केले. मामांनी शिवण कापली. मांजरपाटाच्या आत तपकिरी कागद, आणि कागदाच्या आत मामीचा हिंगाचा डबा. मामीने आधी डब्याकडे आणि मग मामांकडे पाहिले. झाकण उघडताच साऱ्या बैठकीला फोडणीचा वास आला. आवटी सरांनी नकळत आवंढा गिळला. मी त्याची नोंद घेतली.

कापूस बाजूला केला. रुपयाची वरची बाजू पांढरी होती, चुन्यासारखी. मामांनी तो कडेने धरून बाहेर काढला आणि डोळे मिटून उलटा केला.

"सांग," ते म्हणाले.

"तुम्हीच बघा."

कडेला गडद निळा, आत जांभळा, आणि राजाच्या गालावर थोडा पिवळा. चार दिवसांत झालेले काम त्या क्रमाने नीट वाचता येत होते.

"निळा आहे," मामा हळूच म्हणाले. मग उभे राहिले. "आवटी, निळा आहे. बघा. अगं, बघ, निळा. पदू, पिवळा, जांभळा, निळा, तू म्हणालास तसाच." आपला सर्वोत्तम रुपया हातातून गेल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिलेला नाही. ते रुपया खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून पाहत होते आणि प्रत्येक कोनातून तो निळाच होता.

"अभिनंदन, सर," फोनमधून मस्कारेन्हसबाई म्हणाल्या.

आवटी सरांनी राजीनाम्याच्या कागदाच्या चार घड्या केल्या. "पण घळसासी, नाणं बिघडवलंत ते बिघडवलंतच. हेतू नव्हता एवढंच."

"मान्य आहे."

"शरदचाही नव्हता. त्याला वाटलं, दात स्वच्छ होतात तर पैसाही होईल."

मामांनी बराच विचार केला. "त्याला पुढच्या सभेला यायला सांगा," ते म्हणाले. "पण दंतमंजन घरी ठेवून."

एका निरीक्षणावर थांबणे मला पटत नाही. म्हणून मी मामीचे चांदीचे दोन सारखे, इवलेसे चमचे मागून घेतले. एक त्याच डब्यात ठेवला, दुसरा तसल्याच पण नव्या, कोऱ्या डब्यात, दोन्ही त्याच कपाटात. पुढच्या रविवारी मी पुन्हा मिरजेला आलो, तेव्हा डब्यातल्या हिंगाला टेकलेल्या बाजूने पहिला चमचा निळा झाला होता. दुसरा पांढरा होता. मामी म्हणाली की हे मला चमचे न बिघडवताही सांगता आले असते.

आम्ही सर्वांच्या सह्यांनिशी कंपनीला कळवले. कंपनीने मामांचे नाव यादीत घातले नाही. शुल्क परत केले नाही. उलट नोंदीत दुरुस्ती करण्याचे एक नवे शुल्क लावले, आणि ते मामांनी एक शब्दही न बोलता भरले.

नंतर एकदा मामा स्टेशनवर मला सोडायला आले, तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवले.

"सगळं ठीक आहे. पण एक सांग. एकदा तरी चोरीला गेला का?"

उपलब्ध माहितीनुसार पाठवलेले दोन्ही रुपये सुखरूप पोचले होते. मी ते मान्य केले.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. मामांचे तिन्ही रुपये आज माझ्याकडे आहेत, एका बाजूने पांढरे आणि दुसऱ्या बाजूने निळे, आणि पाहुणे त्यांच्याबद्दल हमखास विचारतात. कारण असे: कंपनीच्या पेटीचे पैसे वाचवण्यासाठी माझे मामा चांदीचा रुपया, राजाचा चेहरा खाली करून, न धुतलेल्या हिंगाच्या डब्यातून पाठवीत असत.